आमच्या ऑफिसातला भागाकार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते साचतात. चार माणसं एका खोलीत बसवा, त्यांना एकच काम द्या, आणि ते काम चौघांपैकी कुणालाही धड येत नाही एवढी फक्त काळजी घ्या. पोतंभर किस्से तयार! आमच्याकडे आता ठेवायला जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगत्ये.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. विनायकदादा सुर्वे आमचा मालक. मुंबईत बरीच वर्षं नोकरी करून रत्नागिरीला परत आला आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताची मराठी वेबसाइट काढली. पाध्येबाई निवृत्त शिक्षिका. धडे त्या लिहितात आणि आमच्या चुका काढतात. त्यांचा खरा जीव यातल्या दुसऱ्या कामात. नाझनीन मिरकरवाड्याची, कोड ती लिहिते. आणि मी शलाका, पान दिसायला कसं आहे ते बघणारी. ऑफिस म्हणजे कदमभाऊंच्या आंब्याच्या गाळ्यावरची एक खोली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी आंब्याचा भाव विचारतो आणि मग कामाचं बोलतो.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं सुरळीत पार पडलं. मग आला भागाकार!

तुम्ही म्हणाल, त्यात काय? कागदावर काही नाही हो. वेबपेजवर मांडून बघा एकदा. वेबपेजला आडवं धावायची सवय आणि भागाकार उतरतो जिन्यासारखा. भाजक डावीकडे, मध्ये कंस, आत भाज्य, त्याखाली वजाबाकी, तिच्याखाली आणखी वजाबाकी. एक आकडा जरा इकडचा तिकडे झाला की गणित चुकलं. गणितासाठी तयार साधनं मिळतात, नाही असं नाही. त्यांना अपूर्णांक येतात, वर्गमूळ येतं. भागाकार म्हटला की सगळी मेली गप्प.

त्यातून गुहागर बाजूच्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी विनायकदादाला सांगितलेलं, "शाळा सुरू व्हायच्या आत भागाकार दाखवा. नीट दिसला तर आमच्या सगळ्या शाळांत तुमची साइट. नाहीतर नमस्कार!"

नमस्कार म्हणजे ऑफिसला कुलूप. विनायकदादाने ते आम्हाला स्पष्टच सांगून टाकलं होतं. आणि कुलूप म्हणजे मी परत पुण्याला, त्या आयटी पार्कात, जिथून मी नुकतीच सुटून आले होते. इथे दुपारी घरचा डबा, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी, आणि रविवारी आईच्या हातची सुरमई. मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. म्हणून भागाकार सरळ दिसणं ही माझ्यासाठी काही फक्त चौथीच्या मुलांची गोष्ट राहिली नव्हती.

*

त्याच दिवसांत एका लग्नाला गेले. तिथे आमचे एक लांबचे काका भेटले.

"सध्या काय करत्येस?"

"भागाकार मांडते."

"म्हणजे रोज?"

"हो ना. दोन महिने झाले."

काका एकदम गंभीर झाले. पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "जमेल गो, जमेल." मला जरा बरंच वाटलं. मग पंगतीत मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसले होते. काका शेजारच्यांना हळूच सांगत होते, "पोर हुशार आहे हो आमची. पण आकडा फारच मोठा दिलाय म्हणे तिला!"

*

पहिला प्रयत्न खुद्द विनायकदादाचा. "एवढं काय त्यात," म्हणून तो दोन दिवस कॉम्प्युटरला चिकटून बसला आणि अख्खा धडा मांडून मोकळा झाला. बघतो तर सगळं जिथल्या तिथे! आकड्याखाली आकडा, रेघेखाली रेघ. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"कसं काय जमवलंस?" नाझनीनने विचारलं.

"स्पेसबार!" विनायकदादा छाती काढून म्हणाला. "जिथे सरकवायचं तिथे स्पेस मारली."

नाझनीनने कपाळाला हात लावला. कारण दुसऱ्या कुठल्याही मशीनवर पान उघडलं की सगळे आकडे धावत येऊन डाव्या भिंतीला चिकटत. माझ्या फोनवर तर भाजक एकटा वर आणि बाकी मंडळी खाली, रांगेत उभी. पण विनायकदादाचं एकच पालुपद, "माझ्या मशीनवर बरोबर दिसतंय."

अध्यक्षांच्या संस्थेतल्या एका मास्तरांनी सुट्टीच्या वर्गात मुलांना तो धडा दाखवला आणि त्यांचा फोन आला. बिचारे अजिजीने सांगत होते, की साहेब, भागाकार सगळा विस्कटलाय, मुलांना काही बोध होत नाही.

"माझ्या मशीनवर बरोबर दिसतंय," विनायकदादा म्हणाला.

"हो, पण मुलांना दिसत नाही ना!"

विनायकदादाने क्षणभर विचार केला. "मग असं करा मास्तर. मुलांना घेऊन इकडेच या!"

*

मग नाझनीनने सगळं नव्याने लिहिलं, प्रत्येक आकड्याला स्वतःचं घर देऊन. मांडणी टिकली, पण नवीनच पीडा निघाली. आम्ही आकडे देवनागरीत ठेवले होते. आता आमच्या फॉन्टातला ९ हा चांगला खाऊनपिऊन सुखी आणि १ एकदम काडी पैलवान. जिथे जिथे १ यायचा तिथे पुढचा आकडा त्याच्या जागेत सरकायचा.

पाध्येबाई ओरडल्या, "अगो, एकक दशकाच्या घरात घुसलाय! भाडेकरू आहे की घुसखोर?"

मी फॉन्टामागून फॉन्ट बदलले. एकात १ बरोबर बसला तर ५ तरंगायला लागला. दुसऱ्यात ८ आणि ९ सारखेच दिसायचे. शेवटी विनायकदादाने मालकी तोडगा काढला.

"एक टाळा."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यात एक येतच नाही अशी उदाहरणं घ्या. भाज्यात नको, भाजकात नको, उत्तरात नको, बाकीतही नको. जगात काय एकच आकडा आहे?"

मला वाटलं, बाई त्याला फाडून खाणार. पण बाईंना ते आव्हान वाटलं! चार दिवस बसून त्यांनी असा स्वाध्याय तयार केला, की त्यात औषधालाही एक नाही. बारा आंबे नाहीत, एकवीस मुलं नाहीत, एक डझन तर नाहीच नाही. आम्ही तिघांनी आळीपाळीने तपासला. एक सापडेना. विनायकदादाने खुशीत सगळ्यांना पियूष पाजलं.

नाझनीनने धडा साइटवर चढवला आणि पान उघडलं. वर मोठ्या ठळक अक्षरांत शीर्षक वाकडंतिकडं दिसत होतं. धडा ११!

*

पाध्येबाईंचं तपासणं हा वेगळाच प्रकार. त्यांच्या पर्समध्ये फूटपट्टी आणि लाल पेन कायम. मॉनिटरवर फूटपट्टी लावून त्या रेघ सरळ आहे की नाही ते बघत. "बाई, कॉम्प्युटरची रेघ वाकडी नसते," मी एकदा म्हटलं. "वर्गात सगळी कार्टी हेच सांगतात," बाई म्हणाल्या.

एका दुपारी नाझनीन बँकेत गेली होती. बाईंनी तिच्या मशीनवर धडा तपासायला घेतला. नाझनीन परत येईपर्यंत बाई घरी गेलेल्या. हिने बघितलं तर तिसऱ्या उदाहरणावर तिरकी लाल रेघ!

नाझनीनने कोड उघडला. लाल रंग कुठे दिलाय ते शोधलं. नाही. रेघ काढणारा भाग बंद करून बघितला. काळी रेघ गेली, लाल तशीच. पान बदललं तर लाल रेघ पुढच्या पानावरही हजर! ब्राउझर बदलला, मशीन बंद करून चालू केलं. कॉम्प्युटर कंपनीचं चिन्ह यायच्या आधी काळ्या पडद्यावर लाल रेघ!

"अल्ला!" नाझनीन खुर्चीतून उठलीच. "व्हायरस आहे. अख्खं मशीन खाल्लंन."

विनायकदादाने चिपळूणच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, स्क्रीन गेली असणार, नवीनच घ्या. मी पण दोन-तीन वेळा वायर काढून लावली. तिघंही हवालदिल होऊन चहा पीत बसलो होतो, एवढ्यात छत्री विसरली म्हणून बाई परत आल्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, लाल रेघेकडे बघितलं, आणि डोळे वटारले.

"दुपारीच चूक दाखवून गेल्ये. अजून सुधारली नाहीत?"

*

मग झालं युद्ध. भागाकाराचं उत्तर कुठे लिहायचं, यावरून.

विनायकदादा ज्या शाळेत शिकला तिथे उत्तर उजवीकडे, दुसरा कंस काढून त्यात लिहायचे. पाध्येबाई आयुष्यभर शिकवत आल्या ते वर, भाज्याच्या डोक्यावर. दोघंही इरेला पेटले.

"उत्तर वरच! आकड्याच्या बरोबर वर आलं म्हणजे पोरांना स्थान कळतं," बाई.

"माझं आयुष्य उजवीकडच्या उत्तरावर गेलंय बाई. माझं काय वाईट झालं?" विनायकदादा.

बाईंनी त्याच्याकडे नखशिखांत बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. ते त्याला जास्त लागलं.

दोन दिवस डबेसुद्धा वेगवेगळे खाल्ले. येईल त्याला प्रश्न, वर की बाजूला? कुरिअरवाला म्हणाला बाजूला. कदमभाऊ म्हणाले, आमचा मुनीम बघतो. शेवटी नाझनीनच्या आब्बांना विचारायचं ठरलं. ते मच्छीमार, उभा जन्म वाटे घालण्यात गेलेला. नाझनीनने फोन स्पीकरवर टाकला.

आब्बांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघा," ते म्हणाले, "आम्ही मासळीचे वाटे घालतो. बोटीचा, तांडेलाचा, खलाशांचा. तुम्ही उत्तर वर लिवा नायतर बाजूला लिवा. उरलेलं मांजरच खातंय!"

यावर दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

मग नाझनीनने दोन्ही पद्धती दिल्या, बटण दाबलं की उत्तर वर, परत दाबलं की उजवीकडे. मिटलं ना? छे! पान उघडल्यावर आधी कुठलं दिसणार, यावर दुसरी लढाई. नाझनीन वैतागली आणि तिने ते नशिबावर सोडलं. पान उघडलं की कधी हे येईल, कधी ते.

तेव्हापासून बाई घरी बसून उत्तर वर येईपर्यंत पान पुन्हा पुन्हा उघडायच्या आणि विनायकदादा उजवीकडे येईपर्यंत. दोघांचंही एकदाच्या विजयाने समाधान होईना. आठवड्याच्या शेवटी विनायकदादाने पान किती वेळा उघडलं गेलं ते बघितलं आणि आनंदाने अध्यक्षांना फोन लावला.

"साहेब, लोकांनी नुसती उडी घातलीय भागाकारावर!"

*

एका शाळेत एक मुलगा आहे, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्यासाठी पान मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, असा बाईंचा आग्रह. अगदी रास्त होता. नाझनीनने कॉम्प्युटरच्या आवाजात एकेक पायरी बोलेल असं केलं आणि विनायकदादाने मोठे स्पीकर आणले. खिडक्या उघड्या, मे महिना, पंखा नुसता नावाला फिरणारा.

आवाज खणखणीत. "चारने भाग द्या... वजा करा... पुढचा अंक खाली घ्या... वजा करा... पुढचा अंक खाली घ्या..."

आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. खरंच, न बघता समजत होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं का बोलू. इतके दिवस आम्ही रेघा सरळ करत बसलो होतो, आणि ज्याला रेघ दिसतच नाही त्यालाही हे पोचणार होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खाली कदमभाऊंच्या गाळ्यापाशी मुंबईला जाणारा टेम्पो पेट्यांनी भरून, दोर बांधून तयार होता. त्यांचा गडी घामाघूम होऊन दारात उभा.

"घेतल्या खाली सगल्या पेट्या," तो धापा टाकत म्हणाला. "पन आता ता वजा करा म्हंजे कंच्या कोपऱ्यात ठेवायच्या?"

*

आणि मग तो दिवस आला. संस्थेच्या शाळेत सगळ्या मास्तरांसमोर भागाकार दाखवायचा होता. जयगडच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडून आम्ही चौघं पलीकडे गेलो, वाटेत हेदवीच्या गणपतीला हात जोडले. मी काय मागितलं ते सांगायला नको.

अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या रांगेत बसलेले. त्यांच्यासमोर मान हलवायची झाली तर ती उभीच हलवायची, असा त्या संस्थेचा रिवाज. आडवी हललेली मान तिथे कुणी बघितलेली नाही. कॉम्प्युटर त्यांच्याच कचेरीतला, आणून टेबलावर मांडलेला. भिंतीवर पान मोठं दिसत होतं.

"आकडे मी सांगणार," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही पाठ करून आलेले नकोत. भाज्य लिहा पंच्याहत्तर. माझं वय."

नाझनीनने लिहिलं.

"भाजक?" विनायकदादाने हात चोळत विचारलं.

"मुलं लहान आहेत. उगाच अवघड नको. सगळ्यांत सोपा घ्या."

"किती घेऊ साहेब?"

"शून्य."

 गणिताचे एक मास्तर पंख्याकडे बघायला लागले. दुसऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुख्याध्यापकांनी मान हलवली. उभी.

पाध्येबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. कान लालभडक!  बाई बोलल्या तर काम गेलं, आणि नाही बोलल्या तर बाई गेल्या! विनायकदादाने विजेसारखी ताटली पुढे केली. "बाई, आंबावडी घ्या," म्हणत त्याने ती जवळजवळ त्यांच्या तोंडात कोंबली.

"शून्य नाही चालत म्हणायला मी साइटला शिकवलंच नाही," नाझनीन माझ्या कानात कुजबुजली. 

अध्यक्षांनी स्वतः उठून बटण दाबलं.

आमची साइट अगदी साध्या मनाची. भाजक वजा होतोय तोवर वजा करत राहायचं, एवढंच तिला माहीत. पंच्याहत्तरातून शून्य गेले, उरले पंच्याहत्तर. रेघ. त्यातून शून्य गेले, उरले पंच्याहत्तर. रेघ. पायरीखाली पायरी, एकाखाली एक, आणि एकही आकडा तसूभर सरकलेला नाही! खरं सांगू? इतका देखणा भागाकार आमच्या साइटवर त्याआधी कधी दिसला नव्हता.

अध्यक्ष माउसने पान सरकवत राहिले. चहा आला, गेला. कुणीतरी खोकलं, तर अध्यक्षांनी हात वर केला. "थांबा. होईल. घाई करू नका त्याला."

जेवणं झाली. अध्यक्ष ताट घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसले. बाईंनी एकटीने आंबावडीची दुसरी ताटली संपवली. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "तुम्ही निघा, फेरी चुकेल. मी बसतो इथे."

परतीची फेरी मिळाली. मी मनात पुण्याची बॅग भरत होते. बोट धक्क्याला लागता लागता बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मी फोन करून सांगणार त्यांना. मला माफ करा रे. पण हे माझ्याच्याने गिळवत नाही." आणि बाईंना नको म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

सकाळी ऑफिसात बाईंनी चष्मा लावला, नंबर काढला, आणि त्यांनी बटण दाबायच्या आत विनायकदादाचाच फोन वाजला. अध्यक्ष! त्याने स्पीकर लावला.

"सुर्वे, अजून चालूच आहे."

नाझनीन बोटांवर तास मोजायला लागली.

"इतकी वर्षं शाळा चालवतोय. एका गणिताला इतकं चिकटून बसलेला एक मास्तर नाही बघितला मी! सगळ्या शाळांत लावून टाका. पत्र पाठवतोय."

विनायकदादा मटकन खाली बसला. नाझनीनने मला घट्ट धरलं. मी रडत होते की हसत होते, मला कळत नव्हतं. एवढ्यात बाईंनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"अध्यक्षसाहेब, मी पाध्ये बोलत्ये. कालच्या त्या गणितात मला तुम्हाला एक—"

"बाई, जरा धीर धरा," अध्यक्ष म्हणाले. "बाकी आली की मी स्वतः फोन करतो तुम्हाला."